खिशात धार असू दे, खटका नको!

चाकू सालस की गुन्हेगार हे ठरवायला आमच्या मध्य प्रदेशात एक सरळ फूटपट्टी आहे. राज्य शासनाची २२ नोव्हेंबर १९७४ ची अधिसूचना सांगते की, सहा इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं धारदार शस्त्र सार्वजनिक ठिकाणी जवळ बाळगायचं नाही. आणि बटण दाबताच स्प्रिंगने उघडणारा चाकू असेल, तर पातं कितीही चिमुकलं असो, तो चालायचाच नाही. पन्नास वर्षं उलटली, तरी खटल्यांमध्ये हिचा दाखला अजून निघतो. म्हणजे चार इंची साधा घडीचा चाकू घेऊन इंदूरच्या राजवाड्यासमोर पेरू कापत बसलात, तर या अधिसूचनेची हरकत नाही. दीड इंचाचा खटक्याचा चाकू मात्र गुन्हेगार. सगळी खोट त्या खटक्यात!

असाच एक बिनखटक्याचा, नवाकोरा घडीचा चाकू नुकताच आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी दाखल झाला. फ्रान्समध्ये शिकणारा भाचा सुट्टीवर आला, त्याने बॅगेतून काढून हातावर ठेवला. लाकडी मूठ, पोलादी पातं, मुठीच्या गळ्याशी फिरणारी एक धातूची कडी. नाव ऑपिनेल, नंबर आठ. पातं साडेआठ सेंटिमीटर, वजन जेमतेम पंचेचाळीस ग्रॅम. हातात घेतल्यावर पहिला विचार मनात आला तो हा, की एवढंच? दुसरा विचार पेरू कापल्यावर आला. तो पुढे येईलच.

आधी रुपया टाक

चाकू द्यायच्या आधीच भाच्याने हात पुढे केला. “आत्या, एक रुपया दे. फुकट चाकू दिला तर नातं तुटतं म्हणतात तिकडे.” युरोपात ही समजूत बरीच पसरलेली आहे. धारदार वस्तू भेट द्यायची नाही, नाममात्र नाणं घेऊन ‘विकायची’. मी रुपया दिला आणि सौदा पुरा झाला. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? रिकामी कात्री वाजवली की घरात भांडण, ग्रहणात गर्भवतीने विळी-सुरीला हात लावायचा नाही, आणि लग्नात नवरदेवाच्या हातात टोकाला लिंबू टोचलेली कट्यार. लोखंडाला माणूस सगळीकडेच थोडा वचकून आहे.

आठ नंबरच का?

१८९० साली फ्रान्समधल्या सॅव्हॉय प्रांतात जोसेफ ऑपिनेल नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने हा चाकू बनवला. बाप कुऱ्हाडी आणि कोयते घडवणारा. पोराला मात्र खिशातल्या चाकूचं वेड. १८९७ पर्यंत त्याने बुटांच्या मापांसारखे एक ते बारा असे आकार पाडले. एक नंबर इतका इवला होता की कामाला येईना. अकरा नंबर दहा आणि बारामध्ये असा दबला की कुणी घेईना. १९३० च्या दशकात दोघांनाही निरोप मिळाला. आठ नंबर सगळ्यांच्या हाताला बसला आणि आजही सर्वांत जास्त खपतो तो तोच.

पात्यावर एक छोटा शिक्का आहे, आशीर्वादाला उठलेला हात आणि वर मुकुट. शिक्का हौसेचा वाटतो, पण मागे राजाज्ञा आहे. १५६५ मध्ये फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स याने हुकूम काढला होता की, प्रत्येक कारागिराने आपल्या मालावर आपली खूण उमटवावी. ऑपिनेलने त्या जुन्या रिवाजाला धरून १९०९ मध्ये ही खूण घेतली.

मुठीच्या गळ्याशी असलेली कडी मात्र बरीच नंतरची, १९५५ ची. त्याआधी जोर लावताना पातं अवचित मिटून बोटांवर यायची भीती असे. कडी अर्धी फिरवली की पातं जागच्या जागी अडकतं. २००० पासून ती मिटलेल्या चाकूलाही कुलूप घालते. स्प्रिंग नाही, बटण नाही, काही नाही. नखाने खाचेतून पातं ओढायचं, दोन्ही हात लावायचे. घाईगर्दीच्या माणसाचा हा चाकू नव्हे, आणि म्हणूनच आमच्या अधिसूचनेला त्याच्याशी देणंघेणं नाही.

पावसाळ्यात अडकला तर आपटा

मूठ बीच लाकडाची. लाकूड ओल धरतं, फुगतं आणि पात्याला घट्ट आवळून बसतं. मग नख मोडेल पण पातं निघणार नाही. सॅव्हॉयच्या शेतकऱ्यांनी यावर फार सोपा तोडगा काढला. मुठीचा मागचा गोल भाग टेबलावर टक्‌कन आपटायचा, पातं आपोआप जरा बाहेर डोकावतं. आमच्याकडे जुलैत दरवाजे फुगून बसतात, तेव्हा हा प्रकार समजावून सांगायची गरज पडली नाही. ओट्याच्या दगडावर टक्, आणि पातं हजर.

पेरूने पातं काळं केलं, आणि ते बरंच झालं

थंडीत इंदुरात हातगाड्यांवर जाम येतात. जाम म्हणजे आपले पेरू, घाबरू नका. नव्या पात्याने एक पेरू चार फाकांत कापला. पातं असं गेलं की बी कुठे मध्ये आली ते कळलंदेखील नाही. इतकं पातळ पातं आपल्या बाजारातल्या चाकूंना क्वचित असतं. मात्र फाका खाऊन होईपर्यंत पात्यावर करड्या-निळ्या झाका उमटल्या होत्या. भाचा हसला, मी हबकले.

घाबरायचं कारण नव्हतं. हे पातं स्टेनलेसचं नाही, साध्या कर्बयुक्त पोलादाचं आहे. पेरू, कच्ची कैरी, सुपारी यांत जो तुरटपणा असतो त्यात टॅनिन असतं, आणि टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की काळं-निळं संयुग तयार होतं. जुन्या काळी लिहायची पक्की काळी शाई याच युक्तीने बनत असे. आजोबांच्या पानाच्या डब्यातल्या अडकित्त्याचं तोंड काळंभोर का असायचं, त्याचंही उत्तर हेच. वर्षानुवर्षं सुपारी चावून चावून त्याने शाई प्यायलेली असे. हा काळेपणा जसा बसत जातो तसा तो लाल गंजाला थोडा अडवतोही. म्हणून काही शौकीन लोक नवा चाकू मुद्दाम बटाट्यात किंवा सफरचंदात खुपसून ठेवतात.

ज्यांना हे नको त्यांच्यासाठी स्टेनलेस आहेच. १९१३ मध्ये इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम मिसळून बघत होता आणि हाती लागलं न गंजणारं पोलाद. क्रोमियम किमान साडेदहा टक्के असलं की ते स्टेनलेस म्हणायचं. बंदुकीची नळी राहिली बाजूला, जगभरची स्वयंपाकघरं उजळली. माझं मत विचाराल तर कर्बाचं पातं घ्या. पटकन धार घेतं. फक्त लिंबू कापून तसंच ठेवायचं नाही. पुसायचं, कोरडं करायचं, वर तेलाचं बोट फिरवायचं. खोबरेल चालतं, पण इंदूरच्या डिसेंबरात ते बाटलीत गोठून बसलेलं असतं, तेव्हा शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सांध्यात सोडावा. पात्यावर मात्र खाण्याचंच तेल.

गराडूची परीक्षा

इंदुरात कुठलाही चाकू खरा पास की नापास, ते गराडू ठरवतं. माळव्यातला हिवाळी कंद, बाहेरून खडबडीत, मातकट, केसाळ, आतून पांढरा आणि चिकट. सराफा बाजारात रात्री कढईतून निघालेले तुकडे, वर जिरावन मसाला आणि लिंबू, एवढंच लोकांना माहीत. ते सोलणाऱ्याला विचारा. कंदाच्या गरात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते कातडीत रुततात आणि हात खाजून बेजार होतात. म्हणून आधी हाताला तेल चोळायचं.

आठ नंबरने साल सुंदर निघाली. गोल मूठ तेलकट हातातही फिरत होती, तरी निसटली नाही, कारण ती टोकाकडे जरा वाकलेली आणि फुगीर आहे. पण जाडजूड कंदाच्या चकत्या पाडायची वेळ आली तेव्हा साडेआठ सेंटिमीटर तोकडे पडले. पातं कंदात पुरतं बुडालं, दुसऱ्या बाजूने टोक बाहेर येईना, शेवटी कंद फिरवून फिरवून कापावा लागला. शिवाय चिकट रस सांध्यात गेला तो टाचणीने काढत बसले. घडीच्या चाकूची ही जन्मजात अडचण. जिथे घडी, तिथे फट, आणि जिथे फट, तिथे खरकटं. तेव्हा निकाल असा. पेरू, सीताफळ, सफरचंद, पार्सलची सुतळी, आंब्याची पेटी यांना पहिला वर्ग. गराडूला घरातली मोठी सुरीच.

आपली घडी तर आधीपासूनच आहे

मिटणारं पातं म्हणजे काही परदेशी नवलाई नाही. मराठी घरात ते ओट्याखाली कित्येक पिढ्या पडून आहे. घडीची विळी! पाटावर आडवी मिटवून ठेवायची, कामाला उभी करायची, टोकाला नारळ खवायची खवणी. जगातल्या बहुतेक चाकूंमध्ये पातं फिरतं आणि भाजी थांबते. विळीत पातं थांबतं आणि भाजी फिरते, दोन्ही हात मोकळे. एवढी डोकेबाज वस्तू, पण खिशात मावत नाही म्हणून जगाने दखल घेतली नाही.

बाकी जुन्यात जुना म्हणाल तर ऑस्ट्रियातल्या हॉलस्टाटच्या उत्खननात हाडाच्या मुठीचा, मिटणारा लोखंडी चाकू सापडला आहे. इसवी सनापूर्वी सुमारे पाच-सहाशे वर्षांचा. त्याला आपण आजोबा म्हणू.

बोरूवाल्यांचं हत्यार

छोट्या चाकूचं एकेकाळचं मुख्य काम फळं कापणं नव्हतंच, लेखणी तासणं होतं. युरोपात पिसाची लेखणी, आपल्याकडे बोरू. होळकरांच्या दफ्तरातले कागद मोडीत लिहिले जात. मोडीत हात न उचलता ओळ पळवायची, तर बोरूचं टोक नेमक्या तिरक्या कापाचं हवं. टोक झिजलं की अक्षर फुगायचं. तेव्हा कारकुनाच्या बैठकीशी दौतीइतकीच चाकूची जागा ठरलेली. बोरू तिरका छेदायचा, मध्ये बारीक चीर द्यायची, टोक कठीण तुकड्यावर ठेवून एका झटक्यात कापायचं. बोथट चाकूने बोरू चेपतो आणि हुकुमाची अक्षरं पसरतात. दरबारी भाषेचं वळण या चिमुकल्या पात्याच्या भरवशावर टिकलं होतं, पण इतिहासाच्या पुस्तकात चित्र कायम तलवारीचंच असतं.

रामपुरी कसा बदनाम झाला

आता घडीच्या चाकूतल्या सुपरस्टारकडे येऊ. उत्तर प्रदेशातलं रामपूर. नवाबी गाव, हाताने चाकू घडवणारे कारागीर, पितळी मुठी, आणि एकेकाळी नऊ ते बारा इंचांची पाती. काहींना बटण, काहींना गरारी. गरारी म्हणजे सांध्यातली दातेरी रचना. पातं उघडताना एकेक दात सरकतो आणि कटकटकट असा आवाज येतो. कापायला हा आवाज काही कामाचा नाही. तो समोरच्याला ऐकवायचा असतो.

हिंदी सिनेमाने तो थेट पंखाखालच्या बाकापर्यंत पोचवला. यश चोप्रांच्या १९६५ च्या ‘वक्त’मध्ये राजकुमार समोरच्या गुंडाचा चाकू हातात घेऊन, ही काही पोरांच्या खेळायची वस्तू नव्हे, असं शांतपणे सुनावतो. चाकू कुणाच्या अंगाला लागत नाही, पण संवाद देशाच्या तोंडी बसला. पुढे सत्तरच्या दशकात खलनायकाच्या खिशात रामपुरी नसेल तर त्याला कुणी खलनायक म्हणेना. मग कायदेही आले. दिल्लीने १९८० च्या अधिसूचनेत बटनदार आणि गरारीदार चाकूंची चक्क नावं घेऊन सुमारे तीन इंचांची रेघ मारली. उत्तर प्रदेशात १९९० च्या दशकात साडेचार इंचांहून मोठ्या पात्यांवर बंदी आली आणि रामपूरच्या चाकूबाजाराचा कणा मोडला. चाकू घडवणारे हात वेगळे, चालवणारे हात वेगळे, शिक्षा मात्र पहिल्यांना.

उलट २०२३ मध्ये त्याच रामपुरात चौकात वीस फुटी रामपुरी उभारण्यात आला. चौकाचं नावच चाकू चौराहा. साडेचार इंचांहून मोठा नको म्हणणाऱ्या राज्यात वीस फुटांचा दिमाखात उभा आहे. फक्त मिटत नाही.

आणि ती कटकट? ती स्पेनमध्येही आहे. तिथल्या आल्बासेते गावचा ‘नावाखा’ हा मोठा घडीचा चाकू अशाच दातेरी सांध्यावर कडकड वाजत उघडतो. स्पेन आणि रामपूर यांच्यामध्ये हजारो किलोमीटर, पण समोरच्याला घाबरवायची कल्पना एकच.

पोरांच्या दप्तरातला चाकू

जपानमध्ये एकेकाळी शाळकरी पोरांच्या खिशात ‘हिगोनोकामी’ असे. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, साधं पातं, काम पेन्सिल तासणं. मिकी गावात १८९० च्या दशकापासून बनणारा. १९६० मध्ये समाजवादी नेते इनेजिरो असानुमा यांची भर सभेत हत्या झाली आणि मुलांच्या हाती धारदार वस्तू नको अशी मोहीम देशभर उठली. खून झाला होता आखूड तलवारीने, दप्तरातून हद्दपार झाला पेन्सिलीचा चाकू. रामपूरच्या कारागिरांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

स्विस चाकू जर्मन होता

स्वित्झर्लंडच्या सैन्याने १८९१ मध्ये सैनिकांना घडीचा चाकू द्यायचं ठरवलं. देशात तेवढा माल बनवणारा कारखाना नव्हता, म्हणून पहिली खेप जर्मनीतल्या झोलिंगनहून आली! हे कार्ल एल्झनर नावाच्या स्विस कारागिराला झोंबलं. त्याने काम हाती घेतलं आणि १२ जून १८९७ रोजी अधिकाऱ्यांच्या चाकूची नोंदणी केली. आईचं नाव व्हिक्टोरिया. ते आणि स्टेनलेसचं फ्रेंच नाव जोडून व्हिक्टोरिनॉक्स झालं.

आमच्या ऑपिनेललाही मान मिळालेला आहे. १९८५ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने निवडलेल्या शंभर देखण्या वस्तूंत तो पोर्शे गाडीच्या पंगतीला बसला. २०२४ मध्ये वाघनखं उसनी म्हणून साताऱ्याला आली तीही याच संग्रहालयातून. धारदार वस्तूंची पारख आहे म्हणायची.

“दीदी, पहिये पे मत चढ़वाओ”

चाकू कितीही नामांकित असो, धार एक दिवस जातेच. सायकल स्टँडवर चढवून, पायडल मारत सहाणेचं चाक फिरवणारे धारवाले इंदूरच्या गल्ल्यांत अजून येतात. त्यांच्यापुढे हे पातं धरलं. त्यांनी अंगठ्याच्या नखावर ते आडवं टेकवून पाहिलं, उन्हात तिरकं केलं आणि परत दिलं. “दीदी, इसको पहिये पे मत चढ़वाओ, पतला है, जल जाएगा।” वीस-तीस रुपयांचं काम सोडून दिलेला हा सल्ला सोळा आणे खरा आहे. पोलाद कडक करण्यासाठी लोहार त्याला पाणी देतात, मग बेताच्या आचेवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. कोरड्या चाकावर पातळ कड क्षणात त्याहून जास्त तापते, निळी पडते, आणि त्या जागेचं पाणी उतरतं. मग कितीही घासा, धार टिकत नाही.

तेव्हा घरीच निसण्यावर पाजवा. कोन किती? अशा चाकूंना दर बाजूला साधारण वीस अंश पुरतात. कोनमापक शोधू नका. कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा दुमडा, साडेबावीस अंश मिळतात, तेवढे पुष्कळ झाले. निसणा ओला, हात हलका, पातं कडेकडून पाठीकडे नाही तर पाठीकडून कडेकडे, पण दोन्ही बाजूंना सारखं. पिकला टोमॅटो दाब न देता कापला गेला की थांबा.

घ्यायचा असेल तर

खटका नको, गरारीचा तोरा नको. पातं चार इंचांच्या आतलं बघा, कामाला तेवढं पुरतं आणि आमच्या अधिसूचनेलाही. उघडल्यावर पातं डावी-उजवीकडे हलतं का ते चिमटीत धरून पाहा. हलत असेल तर मूठ कितीही नक्षीदार असो, परत ठेवा. मिटल्यावर टोक मुठीबाहेर डोकावत असेल तरी नको, खिसा आणि मांडी दोन्ही जातील. कोर्ट, परीक्षा केंद्र, मिरवणूक इथे तो घरीच राहू द्या. तिथे अधिसूचना वाचून दाखवायची वेळ येऊ नये. आणि विमानाने निघालात, तर देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर पोचण्याआधी तो हातातल्या पिशवीतून काढून चेक-इनच्या बॅगेत टाका. सुरक्षा तपासणीत खटका आहे की नाही हे कुणी विचारत नाही, सरळ काढून घेतात.